तिसऱ्या खणातली डिस्क

"म्यानातून काढल्याबिगर शस्त्राची पूजा करत्यात का मॅडम?" नागनाथमामा मला म्हणाले आणि मी सर्व्हरसमोर कपाळाला हात लावून उभी राहिले.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. सोलापूरच्या बाहेर, माळाच्या कडेला एक वन्यजीव संशोधन संस्था होती, तिथली ही गोष्ट. संस्थेच्या सर्व्हरची देखभाल आमच्या पुण्याच्या कंपनीकडे होती आणि आमच्या कंपनीत ती माझ्याकडे. सर्व्हरला चार खण. प्रत्येक खणात दांडी ओढली की बाहेर येणारी एक डिस्क. त्या चारही डिस्कच्या कपाळी कुंकवाचे टिळे होते आणि वरच्या पत्र्यावर झेंडूची दोन फुलं.

"म्हणजे तुम्ही डिस्क बाहेर काढल्या होत्या?"

"रीतसर मशीन बंद करून. रेवतीताईंनी शिकवलंय की मला. खंडेनवमीला सगळ्या बाहेर काढल्या, पुसल्या, टिळा लावला, आन जिथल्या तिथं बसवल्या. चुकू नये म्हणून हिकमत केली बगा. पहिल्या खणाच्या डिस्कला एक टिळा, दुसरीला दोन, तिसरीला तीन."

मामांचं पूर्ण नाव नागनाथ ढेपे. प्रयोगशाळा परिचर. अठ्ठावीस वर्षं त्याच संस्थेत. जीप, दुर्बिणी, कॅमेरे, सर्व्हर, सगळं त्यांच्या हातातलं आणि सगळ्यांची पूजाही त्यांच्याच हातची. मी हसून म्हटलं, "मामा, चौथीला चार टिळे लावायला जागा पुरली का?"

"पुरली की," ते गंभीरपणे म्हणाले.

तेवढ्यात रेवती आली. रेवती बिराजदार लांडग्यांवर पीएच.डी. करत होती. तिनं चार हिवाळे माळावरच्या पाणवठ्यांजवळ कॅमेरे लावून एका कळपाचं चित्रण केलं होतं. तिसऱ्या हिवाळ्यात कळपावर रोग आला आणि तो निम्मा झाला. चौथ्या हिवाळ्यानंतर उरलेला कळप दिसेनासा झाला. त्यामुळे ते चित्रण पुन्हा करता येणार नव्हतं, आणि ते सगळं दुसऱ्या खणातल्या एकाच डिस्कवर होतं. तिची कॉपी कुठेही नव्हती. डिसेंबरात प्रबंध द्यायचा होता. वर्षभर तिनं मागे लागून दोन नव्या डिस्क मंजूर करून घेतल्या होत्या. आठ दिवसांपूर्वी मीच येऊन त्या तिसऱ्या आणि चौथ्या खणात बसवून गेले होते. आज त्या तपासायच्या आणि मग त्यांच्यावर कॉपी करायची, असं ठरलं होतं.

"आधी कॉपी करून घेऊ या का?" रेवतीनं विचारलं. "चाचणी मग करा. मला तेवढीच झोप लागेल."

"न तपासलेल्या डिस्कवर कॉपी? आणि ती उद्या बंद पडली तर मलाच बोल लावाल."

"पण चाचणीला किती वेळ?"

"वाचायची पंधरा मिनिटं. लिहायची पूर्ण केली तर सहा-सात तास. संध्याकाळी कॉपी लावू."

तिनं मान डोलावली. मला तेव्हा एकतिसावं वर्ष होतं आणि माझं म्हणणं कुणी खोडलं की मला राग यायचा. ते तिला ठाऊक होतं.

डिस्क तपासायच्या म्हणजे दोन गोष्टी पाहायच्या. ती सेकंदाला किती मजकूर वाचून देते आणि किती लिहून घेते. वाचायची चाचणी निरुपद्रवी. लिहायच्या चाचणीत डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत निरर्थक आकड्यांनी भरून काढतात. नव्या, रिकाम्या डिस्कला त्यानं काही होत नाही. तिच्यावर आधी काही असेल, तर ते जातं.

खण आपल्याला दिसतात, मशीनला दिसत नाहीत. मशीन डिस्कना अक्षरांनी ओळखतं. माझ्या वहीत आठ दिवसांपूर्वीची नोंद होती: ए सिस्टिमची, बी रेवतीची, सी आणि डी नव्या. मी सी निवडली. वाचनाचा वेग आला सेकंदाला एकशे ब्याऐंशी एमबी. झकास. मग लिहायची चाचणी लावली. प्रोग्रामनं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जाऊ? तो नेहमीच विचारतो. मी होय म्हटलं. घड्याळात अकरा वाजत होते.

चाळीस मिनिटं आम्ही तिघं चहा पीत बसलो होतो. मामा त्यांच्या मुलीच्या बाळंतपणाचं सांगत होते. पडद्यावर वेग दिसत होता, एकशे शहात्तर, एकशे अठ्ठ्याहत्तर. रेवती म्हणाली, "गार्गी मॅडम, तुम्ही माझी पिल्लं अजून पाहिलीच नाहीत ना? थांबा." आणि तिनं तिचा लॅपटॉप उघडला.

"फोल्डर दिसत नाहीये," ती म्हणाली.

"मशीन परवाच बंद होऊन चालू झालंय. डिस्क जोडली गेली नसेल. मी जोडते."

मी बी जोडायला गेले. मशीन म्हणालं, या डिस्कवर काहीच नाही.

मी पुन्हा केलं. काहीच नाही.

मग मी चाचणीच्या खिडकीकडे पाहिलं. सीवर लिहिणं चालू होतं. बी रिकामी, म्हणजे मी पुसत होते ती रेवतीची. मी थांबवायची कळ दाबली.

"काय झालं?" रेवतीनं विचारलं.

तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती ओरडली नाही. ती खुर्चीतून उठली आणि जमिनीवर बसली. फरशीवरच, पाय पसरून. "चार वर्षं," ती म्हणाली. "गार्गी मॅडम, चार वर्षं." एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मामांनी विचारलं, "मॅडम, काय पुसलं गेलं काय?"

आणि त्या क्षणी मला उत्तर सुचलं. खोटं सांगत नाही, तेव्हा ते मला खरंच वाटलं, आणि वाटलं म्हणून छातीवरचा दगड उतरला. मी म्हटलं, "मामा, पूजेत डिस्कची अदलाबदल झाली. रेवतीची डिस्क तुम्ही तिसऱ्या खणात घातलीत."

मामांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वाकून तिसऱ्या खणाची दांडी ओढली आणि डिस्क हातात घेतली. "पन ह्याला तीन टिळं हायती मॅडम. तिसऱ्याचीच हाय ही."

"टिळे तुम्ही काढताना लावलेत, की पुसून परत बसवल्यावर?"

"काढतानाच... काढली, पुसली, आन..."

"म्हणजे पुसल्यावर. चारही एकदम पुसल्यात का?"

"पाटावर मांडल्या हुत्या."

"मग कुठली कुठली हे पाटावर कसं ओळखलंत?"

डिस्क तशीच हातात धरून ते आठवायचा प्रयत्न करत होते. मला दिसत होतं. मी आणखी विचारलं, पाटावर डावीकडून मांडल्या की उजवीकडून, आरतीच्या वेळी कुणी पाट हलवला का. चार-पाच प्रश्न विचारले मी, वकिलासारखे. शेवटी ते म्हणाले, "आठवत न्हाई मॅडम. आता कायच आठवत न्हाई."

संचालक इनामदार सर आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मामांना म्हणाले, "ढेपे, अठ्ठावीस वर्षं झाली तुम्हाला. सर्व्हर म्हणजे काय औताची बैलजोडी आहे?" सरांनी किल्ली मागितली. मामांनी कमरेच्या जुडग्यातून सर्व्हरच्या खोलीची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. मग सर त्यांना लेखी खुलासा द्यायला आपल्या खोलीत घेऊन गेले.

मला एकच आशा होती. चाळीस मिनिटांत डिस्कचा दहावा भाग भरला होता. बाकीचं शिल्लक असणार. पुण्यात सोहनी म्हणून एक जण अशा डिस्कमधून फायली काढून देतो. मी रेवतीला म्हटलं, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. ती धडपडत उठली. मामांनी मघाशी ओढलेली ती तिसऱ्या खणातली डिस्क मी स्वतः पिशवीत घातली, खोक्यात बसवली, चिकटपट्टी लावली. रेवती जीप बघायला गेली. मी सोहनीला फोन लावला.

"नंबर सांगा डिस्कचा," तो म्हणाला. "आली की बाकीच्यांत मिसळायला नको. शेवटचे चार आकडे."

मी खोकं उघडून वाचले. "चव्वेचाळीस सतरा."

"लिहून घेतले. पाठवा."

फोन ठेवला आणि सवयीनं तोच नंबर वहीत टिपायला पान उलटलं. तिथे तो आधीच लिहिलेला होता. माझ्याच अक्षरात. आठ दिवसांपूर्वीचा. नव्या डिस्क: चव्वेचाळीस सतरा, चव्वेचाळीस तेवीस.

मला पहिल्यांदा वाटलं, मी चुकीचं वाचतेय. मी दुसऱ्या खणाची डिस्क ओढली. दोन टिळे. नंबर नव्वद ब्याऐंशी, रेवतीच्या डिस्कचा. दुसरी दुसऱ्यातच होती. तिसरी तिसऱ्यातच होती. मामांनी एकही डिस्क हलवली नव्हती.

हलली होती ती अक्षरं. ही अक्षरं डिस्कवर कुठे लिहिलेली नसतात. मशीन चालू होताना जी डिस्क आधी जागी होते तिला आधीचं अक्षर मिळतं. परवा मशीन बंद होऊन चालू झालं तेव्हा एक नवी डिस्क आधी उठली, तिला बी मिळालं, आणि रेवतीची सी झाली. म्हणून लिहायच्या आधी अक्षर नव्हे, नंबर बघायचा, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी स्वतः दोन तुकड्यांना शिकवलं होतं.

मी त्या खोलीत एकटी होते. बाहेर जीपचं इंजिन सुरू झालेलं ऐकू येत होतं. चुकीची डिस्क पुण्याला गेली असती तर सोहनीला त्यात काहीच मिळालं नसतं आणि रेवतीचं चित्रण कायमचं गेलं असतं. ते मला होऊ द्यायचं नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. दुसरं काही म्हणता येणार नाही. मी दुसऱ्या खणाची डिस्क खोक्यात घातली, चव्वेचाळीस सतरा परत तिच्या खणात सारली, आणि खोक्यातल्या डिस्कचे दोन टिळे अंगठ्यानं पुसून टाकले. सगळ्याला मिनिटभर लागलं असेल. रेवती आत आली, खोकं छातीशी धरून निघून गेली.

मग मी इनामदार सरांच्या खोलीत गेले. मामा टेबलाच्या कोपऱ्यावर कागद ठेवून लिहीत होते. शाळेतल्यासारखं सुवाच्य अक्षर. 'पूजेच्या वेळी माझ्या निष्काळजीपणामुळे डिस्कची अदलाबदल झाली.' पेन थांबवून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, निष्काळजीपणाला श कुठला?"

मी सांगितला. त्यांनी तो लिहिला आणि खाली सही केली.

सतरा दिवसांनी रेवतीचा फोन आला. मी ऑफिसात होते.

"फायली मिळाल्या," ती म्हणाली. "पहिला हिवाळा गेला. बाकीचे तीन जवळजवळ पूर्ण आहेत. प्रबंध होईल."

मी डोळे मिटून घेतले. "रेवती, फार बरं वाटलं."

"एक विचारायचं होतं. सोहनींनी तुमच्याकडून फोनवर चव्वेचाळीस सतरा नंबर घेतला होता. पोचली ती नव्वद ब्याऐंशी. त्यांना वाटलं, लिहून घेताना चूक झाली असेल. त्यांनी मला पावतीवर दुरुस्ती करायला सांगितली." ती थांबली. "गार्गी मॅडम, मी खोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. डिस्क कुणी बदलली?"

माझ्या आजूबाजूला माणसं होती, कुणीतरी कशाला तरी हसत होतं. मी म्हटलं, "मी."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं."

"हो."

मग ती म्हणाली, "मला तुम्ही काही सांगू नका. मला माझं मिळालंय. मामा कुठे आहेत माहीत आहे का तुम्हाला? रजा टाकून रोज पहाटे पाणवठ्यावर जाऊन बसतात, माझा जुना कॅमेरा घेऊन. ताईंचं पुसलं गेलं ते मी भरून देतो म्हणतात. मी हजारदा सांगितलं, मामा, तो कळपच राहिला नाही. ऐकत नाहीत. मुलीच्या बाळाच्या बारशालाही गेले नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला गेले. बरोबर इनामदार सरांच्या नावे लिहिलेलं पत्र होतं. रात्रभर खपून लिहिलं होतं. चूक माझी, अक्षरावर विसंबले, नंबर पाहिला नाही, ढेपे यांचा काही दोष नाही, खुलासा रद्द करावा. सगळं होतं त्यात. एक प्रत मामांसाठी.

पाणवठा रस्त्यापासून दीड-दोन किलोमीटर आत होता. सकाळचे आठ वाजले होते. बाभळीच्या आडोशाला पोतं अंथरून मामा बसले होते, डोक्याला टॉवेल गुंडाळून. मला बघून ते लगबगीनं उठले.

"मॅडम! तुमी इतक्या लांब? आन चालत?" ते मनापासून खूश झाले. "बसा, बसा. ताई म्हनल्या, तीन हिवाळं परत मिळालं. तुमच्यामुळंच हो. तुमी लगेच वळखलं म्हनून. न्हाई तर माझ्या हातानं..." त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. "चार दिवसांमागं एक लांडगा आला हुता. लांबून. एकलाच. दाखवू?"

त्यांनी कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्यापुढे धरला. काहीतरी करडं हललं आणि गेलं. ते कुत्रंही असेल. मला ते बघवेना. मी पत्र त्यांच्या हातात दिलं.

"काय हाय?"

"वाचा मामा."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचू लागले. मध्ये एकदा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. मग त्यांनी पहिलं परत वाचलं.

"म्हंजी दुसरी दुसऱ्यातच हुती?"

"हो."

"मी बरोबर बसवल्या हुत्या."

"सगळ्या बरोबर बसवल्या होत्या."

त्यांनी श्वास सोडला. चेहऱ्यावर काही क्षण असं काही आलं की मला वाटलं, संपलं, सुटले आपण. मी म्हणाले सुद्धा, "मामा, मला माफ करा. चूक झाली माझी."

"चुकत्यातच की मानसं," ते म्हणाले. "मोटी मोटी चुकत्यात." आणि पत्राची घडी घालता घालता त्यांचा हात थांबला. त्यांनी ते पुन्हा उघडलं. बोट ओळींवरून फिरलं, खाली गेलं, वर आलं. ते काहीतरी शोधत होते आणि ते त्यांना सापडत नव्हतं.

"मॅडम, ह्यात तुमास्नी कवा कळलं ते न्हाई लिवलं."

मी पाण्याकडे बघू लागले.

"परवा कळलं? फायली आल्या तवा?"

हो म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांनीच पुढे करून दिलं होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मी नाही म्हणावं असं त्यांना वाटत नव्हतं, हेही दिसत होतं.

"त्याच दिवशी," मी म्हटलं. "दुपारी. सोहनींचा फोन झाल्यावर."

"मी खुलासा लिवत हुतो तवा?"

"हो."

"सही केली नव्हती मी?"

"नव्हती मामा."

त्यांचं तोंड उघडं राहिलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आणि कुणीतरी विनाकारण थोबाडीत मारल्यावर लहान मूल बघतं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. दोन पावलं मागे सरकले. मी जवळ जायला लागले तर त्यांनी हात आडवा केला.

मग त्यांनी शर्टाच्या खिशाला लावलेलं पेन काढलं आणि पत्रासकट माझ्यापुढे धरलं.

"लिवा," ते म्हणाले.

मी पोत्यावर बसले आणि गुडघ्यावर कागद ठेवून, माझ्या सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत, ते जसं घडलं तसं लिहिलं. लिहून होईपर्यंत ते माझ्या डोक्याशी उभे होते.